शेवटच्या आठ दिवसांत मत फिरतं कशानं? (बेळगाव सीमाभागातले अनुभव लिहा)

कंग्राळीचा_पार | रविवार, रात्री ९:१०

राजकीय धागा आहे, खरं कुणाचा प्रचार नाही. कुठल्या पक्षाला मत द्यावं हा विषयच नको. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे.

माझा एक मावसभाऊ. त्याच्या बापानं १९८६ ला कन्नडसक्तीच्या आंदोलनात लाठ्या खाल्लेल्या. घरात हुतात्म्यांचा फोटो. दर १ नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीत हा सायकल घेऊन पुढं. १७ जानेवारीला अभिवादनाला, १ जूनला हिंडलग्याच्या स्मारकावर. म्हणजे याचं मत कुणाला हे विचारायचं कामच नव्हतं. विचारलं असतं तर चार शिव्या ऐकायला मिळाल्या असत्या.

१० मे २०२३, कर्नाटक विधानसभेचं मतदान. संध्याकाळी पारावर बसलो होतो. सहज म्हणाला, "मी आज दुसऱ्याला दिलो." मला वाटलं मस्करी. तर नाही. सकाळी चहा पिऊन निघाला तेव्हा समितीलाच (महाराष्ट्र एकीकरण समिती, सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणणारी) द्यायचं ठरलेलं. पोरगीचं पहिलंच मतदान, तिला गाडीवर घेऊन शाळेपाशी गेला. बूथपासून लांब टेबलं मांडलेली असतात बघा, स्लिपा द्यायची, तिथं आमच्या तालमीतली निम्मी पोरं भलत्याच टेबलावर बसलेली. रोज याच्यासोबत दंड काढणारी पोरं. म्हणाला, "वारं तिकडंच हाय म्हटलो. मग आपलंच एकट्याचं कशाला वाया घालवायचं."

चाळीस वर्षांचं घरचं मत, आणि शेवटच्या शंभर पावलांत बदललं. तेव्हापासून डोक्यात आहे. जात, भाषा, घराणं हे वर्षानुवर्षांचं झालं. खरं शेवटच्या आठ-दहा दिवसांतलं काय काय माणसाला हलवतं? सभा? पैसा? एखादी बातमी? का नुसतं टेबल? तुमच्या गावातलं लिहा. ऐकीव नको, बघितलेलं लिहा.

---

शहापूरची_सून | रविवार, रात्री ९:४८

मी सांगते. गॅस सिलिंडर.

हसू नका. त्या वर्षी सिलिंडर अकराशेच्या वर गेलेला, हे महिनोन्महिने सगळ्यांना माहीत होतं. महागाई महागाई म्हणून आम्ही सगळ्याच बोलत होतो, आणि मतं आपापल्या जागी होती. आमच्या सासूबाईंचा सिलिंडर मतदानाच्या तीन दिवस आधी संपला. त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या कनवटीचे पैसे मोजून दिले, आणि तेवढ्यात दाराशी काँग्रेसच्या गॅरंटी कार्डवाल्या बायका आल्या. घरच्या बाईला महिन्याला २,००० रुपये, वीज २०० युनिटपर्यंत फुकट, बसचं तिकीट नाही. कार्डावर दोन पुढाऱ्यांच्या सह्या. आठ दिवस आधी आल्या असत्या तर सासूबाईंनी कार्ड देवघराच्या खणात टाकून दिलं असतं. त्या दिवशी चष्मा लावून वाचलं.

आमच्याच गल्लीत ज्यांचा सिलिंडर भरलेला होता त्यांच्या घरी तेच कार्ड गेलं. तिथं काही फरक पडल्याचं दिसलं नाही. महागाई वर्षाची असते, पण ती टोचते एका ठरावीक दिवशी.

आणि हळदीकुंकवाचं मी लिहीतच नाही. कुकर, टिफिन, साड्या, सगळ्यांकडून सगळं आलं. आमच्या वाड्यात आता कुकर ठेवायला जागा नाही.

---

अनगोळ_नाका | रविवार, रात्री १०:०२

कुकर +१. आमच्याकडं एका शिट्टीचा आलेला, दुसऱ्याच महिन्यात गेला. देणाऱ्याचं डिपॉझिट पण गेलं.

---

निवृत्त_मास्तर | रविवार, रात्री ११:२०

धागा चांगला आहे. जरा पुस्तकी बोलतो, सवय जात नाही.

१९४० मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात एरी नावाच्या काउंटीत कोलंबिया विद्यापीठाच्या लोकांनी एक अभ्यास केला. सहाशे मतदार निवडले आणि मे ते नोव्हेंबर त्याच माणसांना पुन्हा पुन्हा जाऊन विचारलं की मत कुणाला. त्यांची अपेक्षा होती की प्रचारानं लोक इकडून तिकडे उड्या मारतील. तसं झालं नाही. बहुतेकांचं आधीच ठरलेलं होतं, प्रचारानं ते फक्त घट्ट केलं. उशिरापर्यंत कोण ठरवत नव्हते? ज्यांच्या मनात ओढाताण होती ते. धर्म एकीकडे ओढतो, धंदा दुसरीकडे, घरचे तिसरीकडे. अशी माणसं निर्णय पुढे ढकलत राहतात, आणि काही जण शेवटी मतदानालाच जात नाहीत.

आता ही ओढाताण आपल्या भागात धरून बघा. आपला माणूस मराठी आहे, बहुधा हिंदू म्हणूनही विचार करतो, मराठा किंवा लिंगायत किंवा आणखी कोणी आहे, ऊस नाहीतर भात पिकवतो, मुलगा पुण्यात आहे, मुलगी कन्नड शाळेत आहे. म्हणजे एरी काउंटीतल्या माणसाला दोन ओढी असतील तर आपल्याला पाच. मत एकच. या पाचांतली कुठलीही त्याला सोडायची नसते. मतदानाच्या दिवशी त्यांतली कुठली जागी असेल, एवढंच त्या शेवटच्या दिवसांत ठरतं. म्हणून मला "मत फिरलं" हा शब्दच पटत नाही. तुमचा मावसभाऊ समितीचा होता तसाच तालमीचाही होता. शाळेपाशी तालीम जागी झाली.

एक सावधगिरी मात्र सांगतो. निवडणुकांचे सर्व्हे करणारे लोकनीतीवाले निवडणुकीनंतर मतदारांना विचारतात की तुम्ही कधी ठरवलं, प्रचाराआधी, प्रचारात, एक-दोन दिवस आधी, का त्याच दिवशी. उपयोगी प्रश्न आहे. पण माणूस नंतर जे कारण सांगतो ते खरंच कारण असतं असं नाही. बरेचदा ते सांगायला सोपं असलेलं कारण असतं. बत्तीस वर्षं "गृहपाठ का केला नाही" विचारत आलोय, अनुभवाचे बोल आहेत.

---

बंगळुरात_बेळगावकर | सोमवार, सकाळी ८:१५

मास्तरांना दंडवत, पण मला हे सगळं फार गोड वाटतंय. सिलिंडर, टेबल, तालीम. निवडणूक एका गल्लीत होत नाही. आकडे बघू.

२०१९ लोकसभा. बेळगावात भाजपचे सुरेश अंगडी जवळपास ३ लाख ९१ हजारांनी निवडून आले. समितीनं निषेध म्हणून उमेदवारांची रांग लावली, एकूण ५७ उमेदवार, बूथवर चार चार मशीन जोडावी लागली. निकालावर परिणाम शून्य.

सप्टेंबर २०२० मध्ये अंगडी कोरोनानं गेले. १७ एप्रिल २०२१ ला पोटनिवडणूक, त्यांच्या पत्नी मंगला अंगडी उमेदवार. सहानुभूतीची लाट येणार असं सगळे म्हणत होते. जिंकल्या फक्त ५,२४० मतांनी. आणि समितीचा तरुण उमेदवार शुभम शेळके, अपक्ष म्हणून, १,१७,१७४ मतं.

दोन वर्षांत मराठी माणूस बदलला का? नाही. डिसेंबर २०२० च्या शेवटी महापालिकेसमोर लाल-पिवळा कन्नड झेंडा उभा राहिला, मार्चमध्ये त्यावरून शहर तापलं, आणि एप्रिलमध्ये मतदान आलं. एवढंच. मास्तरांच्या भाषेत भाषा जागी झाली.

आता पुढचं बघा. सप्टेंबर २०२१, महापालिका. ५८ पैकी भाजप ३५. समिती एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. झेंडा तिथंच होता हो! पाच महिन्यांत जागी झालेली भाषा पुन्हा झोपली. म्हणून माझं म्हणणं, तापलेल्या मुद्द्याचं आयुष्य चार-पाच महिने. त्याच्या आत निवडणूक आली तर मत, नाहीतर नुसती फेसबुक पोस्ट.

---

टिळकवाडी_दुसरं_गेट | सोमवार, सकाळी ९:३०

बेळगावकर, महापालिकेचं उदाहरण तुम्ही अर्धंच सांगितलंत. ती निवडणूक पहिल्यांदाच पक्षचिन्हांवर झाली. त्याआधी मराठी गट आणि कन्नड-उर्दू गट असायचे, वॉर्डात माणूस बघून मत पडायचं. चिन्ह आलं आणि माणसाच्या जागी पक्ष आला. ही भाषा झोपल्याची गोष्ट नाही, प्रश्नपत्रिकाच बदलली. आधीची गणिताची होती, नंतरची इतिहासाची.

---

बंगळुरात_बेळगावकर | सोमवार, सकाळी ९:४१

हे मान्य. माझे पाच महिने थोडे मागे घेतो. सगळे नाही.

---

जांबोटी_घाट | सोमवार, दुपारी १:०५

चिन्हाचं निघालं म्हणून लिहितो, याकडे शहरातली माणसं बघत नाहीत.

समिती मान्यताप्राप्त पक्ष नाही, उमेदवार अपक्ष म्हणून उभे राहतात. म्हणजे चिन्ह कधी मिळतं? माघारीची मुदत संपल्यावर. २०२३ ला ती संपली २४ एप्रिलला, प्रचार बंद झाला ८ मे ला. हातात चौदा दिवस. आमचा खानापूर तालुका म्हणजे काय तुम्हाला माहीत आहे, कणकुंबीपासून इकडं नंदगड-बिडीपर्यंत, मध्ये जंगल, वाड्या, रेंज नाही. चौदा दिवसांत नवीन चिन्ह प्रत्येक म्हातारीच्या डोळ्यांत बसवायचं. समोर कमळ आणि हात, जन्मापासून बघितलेले. शिवाय मशीनवर मान्यताप्राप्त पक्ष आधी, अपक्ष सगळ्यात शेवटी. म्हातारी वरून वाचत येते, दोन नावांवर ओळखीचं चित्र दिसतं. थांबते.

यातलं कोणाचं मन बदललं म्हणाल? कुणाचंच नाही.

२०१३ ला खानापूर समितीकडं होतं. २०१८ ला समितीतच दोन गट, दोन उमेदवार. दोघांच्या मतांची बेरीज निवडून आलेल्या उमेदवारापेक्षा जास्त होती. हे लोकांनी वाचलं निकालानंतर, खरं आधीच्या आठ दिवसांत वाडीवाडीत एकच प्रश्न होता, "आपला कोणता?" ज्याला उत्तर मिळालं नाही तो दुसरीकडं गेला. मास्तर म्हणतात तशी ओढाताण, खरं एकाच घरातल्या दोन भावांची.

आणि गोव्याची गाडी. आमची निम्मी पोरं म्हापसा, फोंडा, वास्को इथं कामाला. मतदानाच्या आदल्या रात्री कुणाची ट्रॅव्हल्स येते त्यावर कोण येणार हे ठरतं. ज्याच्या गाडीतून आलास त्याच्या गाडीत रात्रभर त्याचीच गाणी. सकाळी उतरेपर्यंत चिन्ह पाठ.

---

निपाणीचा_माळ | सोमवार, दुपारी ३:४०

सीमाभाग म्हणजे फक्त बेळगाव-खानापूर नाही हे कुणीतरी लिहायला हवं. जिल्ह्यात १८ विधानसभा आहेत. चिकोडी, सदलगा, कागवाड, अथणी, आमची निपाणी, इकडचं गणित निराळं.

आमच्याकडं तंबाखू आणि ऊस. १९८१ चं तंबाखू आंदोलन अजून लोक सांगतात, शरद जोशी हायवेवर बसलेले, नंतर गोळीबार. त्यामुळं शेतकऱ्याला जाग यायला भाषण लागत नाही, थकलेलं बिल पुरतं. मतदान एप्रिल-मे ला असतं, म्हणजे हंगाम संपलेला, ऊस गेलेला, आणि बिलाचा कुठला हप्ता आला, कुठला आला नाही हे खिशात कळतंय. मतदानाच्या आठवड्यात खात्यावर पैसे पडले, तर सहा महिन्यांचा राग निम्मा होतो. हे मी माझ्याच घरात बघितलंय. कुठला कारखाना विचारू नका, अजून ऊस तिथंच घालायचाय.

महापुराचं पण तसंच. ऑगस्ट २०१९ ला दूधगंगा, वेदगंगा, कृष्णा सगळ्या घरात आल्या. डिसेंबरमध्ये अथणी-कागवाडला पोटनिवडणूक. पंचनामा कुणाच्या घराचा झाला, कुणाचा राहिला, यावर घरटी भांडणं होती. खरं मतदान आलं तेव्हा चर्चा होती आमदार मंत्री होणार का याची. पाणी ओसरलं की माणूस पुढं बघतो. याला विसराळूपणा म्हणावं का शहाणपण, मला ठरवता येत नाही. मंत्री झाला तर रस्ता होईल, हा पण हिशेबच आहे.

२०२३ ला निपाणीत घड्याळ दुसऱ्या नंबरवर आलं. १० एप्रिलला राष्ट्रवादीची राष्ट्रीय मान्यता गेली, मतदानाला बरोबर महिना उरलेला. इकडं लगेच अफवा, घड्याळ मिळणार नाही. आयोगानं कर्नाटकापुरतं घड्याळ वापरायला दिलं, तोवर पोरांची झोप उडाली होती. जांबोटीवाल्यांचं चिन्हाचं दुखणं मला पटतं ते यामुळं.

---

राजहंसगड_पायथा | सोमवार, रात्री ८:२५

पुतळ्याचं अजून कुणी लिहिलं नाही?

२०२३, मार्च. आमच्या गडावर महाराजांचा पुतळा. २ तारखेला मुख्यमंत्री बोम्मई येऊन उद्घाटन करून गेले. ५ तारखेला काँग्रेसनं पुन्हा केलं, महाराष्ट्रातले पुढारी बोलावून. पुतळा एक, उद्घाटनं दोन. पाहुणे विचारत होते, कुठल्या उद्घाटनाला येऊ? आम्ही म्हटलं दोन्हीला या, जेवण दोन्हीकडं आहे.

निवडणुकीला दोन महिने होते. दोन्ही पक्षांना कळलेलं, बेळगाव ग्रामीण मतदारसंघात मराठी मत समितीकडून सोडवून घ्यायचं तर भाषेवर बोलून चालत नाही, महाराजांवर बोलावं लागतं. पाच वर्षं कन्नड बोर्डावरून मारामाऱ्या, आणि शेवटच्या दोन महिन्यांत सगळ्यांच्या गळ्यात भगवं. काँग्रेसच्या आमदार पुन्हा त्याच निवडून आल्या. पुतळ्यामुळं का? मला नाही वाटत. एकट्यानं केलं असतं तर फायदा झाला असता. दोघांनी केल्यावर फिटंफाट. खरं एक झालं, महाराज हा विषय फक्त समितीचा राहिला नाही. ते मात्र आठ दिवसांचं काम नाही, ते कायमचं झालं.

---

अनगोळ_नाका | सोमवार, रात्री ९:००

शेवटच्या आठवड्याची खरी परीक्षा तर त्याच वर्षी झाली की. २ मे ला काँग्रेसच्या जाहीरनाम्यात बजरंग दलावर बंदीचा उल्लेख आला, दुसऱ्या दिवसापासून पंतप्रधानांच्या सभांत बजरंगबलीचा जयजयकार. आठ दिवस टीव्हीवर दुसरं काही नाही. आमच्या मारुतीच्या देवळात हनुमान चालीसा. वाटलं सगळं फिरलं. १३ मे ला निकाल, काँग्रेस १३५.

---

टिळकवाडी_दुसरं_गेट | सोमवार, रात्री ९:१२

आणि बेळगाव दक्षिण भाजपकडंच, उत्तर काँग्रेसकडं. एकाच शहरात, एकच टीव्ही बघून. म्हणजे मास्तरांचे ओहायोवाले बरोबर, ज्याचं जे होतं ते घट्ट झालं.

---

शहापूरची_सून | सोमवार, रात्री ९:५५

तसंच गॅरंटीचं. २०२४ च्या लोकसभेला पैसे प्रत्यक्ष खात्यावर येत होते, दोन्ही मतदारसंघांत. तरी चिकोडीत काँग्रेसच्या प्रियांका जारकीहोळी आल्या आणि बेळगावात भाजपचे शेट्टर. आमच्या सासूबाई म्हणाल्या, "आलं ते आलं, आता ही दिल्लीची निवडणूक." कार्ड कोरं असताना वाचलं, पैसे यायला लागल्यावर हक्काचे झाले. मिळणाऱ्यापेक्षा मिळेल म्हटलेलं जड असतं की काय कोण जाणे.

---

कत्तलीची_रात्र | सोमवार, रात्री ११:३०

नाव बघून कळलं असेल मी काय लिहिणार ते. तीन निवडणुकांत वेगवेगळ्या लोकांसाठी आदल्या रात्री फिरलोय. आता नाही. नावं घेणार नाही.

प्रचार बंद झाल्यापासूनचे ४८ तास म्हणजे कागदावर शांतता. पाकिटं तेव्हाच निघतात. लोकांना वाटतं पैशानं मत विकत घेता येतं. आम्हाला पण वाटायचं. एका घरात गेलो, आजीनं पाकीट घेतलं, कपाळाला लावलं, देवघरात ठेवलं. तिथं आधीची दोन होती. म्हटलं आजी, हे काय? म्हणाली, "देवाला सगळे सारखे."

म्हणून मग बेलभंडारा उचलून शपथ घ्यायला लावायची. खरं त्यातही लोक हुशार. "तुमचं मीठ विसरणार नाही" म्हणतात, मत देतो म्हणत नाहीत.

मग वाटायचं कशाला? मी विचारलं होतं एकाला. तो म्हणाला, वाटून मत मिळत नाही रे, न वाटता जातं. ज्याचं पाकीट आलं नाही तो निवडणूक सोडून बसला असं गल्ली धरते. म्हणजे कंग्राळीवाल्यांच्या मावसभावानं टेबल बघितलं तेच. लोक पाकिटात पैसे मोजत नाहीत, कोण अजून शर्यतीत आहे ते मोजतात.

---

जुना_बेळगाव | मंगळवार, सकाळी ७:१०

वयानं मोठा आहे म्हणून एक आठवण. १९९६ ची लोकसभा, बेळगावात ४५६ उमेदवार. समितीनं ठरवलेलं की दिल्लीचं लक्ष वेधायचं. तेव्हा अनामत ५०० रुपये. गल्लीगल्लीतून वर्गणी काढून माणसं उभी केली, आमच्या शेजारचा शिंपी पण उमेदवार होता. मत कुणाला हा प्रश्नच विनोदी झाला, कारण प्रत्येकाच्या ओळखीचे चार-पाच जण उभे. त्याच वर्षी कायदा बदलून अनामत १०,००० केली. लक्ष वेधलं म्हणायचं.

शिंप्याला त्याच्या बायकोनं मत दिलं नाही, हे त्यानंच नंतर सांगितलं.

---

निवृत्त_मास्तर | मंगळवार, सकाळी ८:००

४५६ मध्ये नवरा सापडला नसेल बिचारीला.

---

कंग्राळीचा_पार | मंगळवार, रात्री १०:१५

सगळ्यांचे आभार. कत्तलवाल्यांचं "शर्यतीत कोण आहे" हे मला नेमकं हवं होतं, म्हणून आज संध्याकाळी मावसभावाला हा धागा मोबाइलवर वाचायला दिला. म्हटलं बघ, तुझ्या टेबलावर किती जणांनी लिहिलंय.

सावकाश सगळा वाचला. निपाणीचं दोनदा वाचला. मग मोबाइल परत देत म्हणाला, "टेबलाचं मी तुला तसंच सांगितलो होतो."

म्हटलं म्हणजे?

"पारावर सगळे बसलेले, काय सांगू? पोरगी गाडीवर मागं होती. शाळेपर्यंत काय बोलली नाही. उतरल्यावर म्हणाली, पप्पा, मी तुमच्या समितीला देणार नाही, तुम्हाला चालेल काय? चालेल म्हटलो. मग रांगेत ती माझ्या पुढं उभी होती."

मी विचारलं, मग तू पण तिच्याच...? तर म्हणाला, "ती कुणाला दिली ते मी विचारलो नाही. अंदाजानं दिलो."